तिसऱ्या हाकेला

शिरूरच्या बाजारपेठेत, पंपसेटच्या दुकानावरच्या मजल्यावर रोहन दसगुडेचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर आणि खालून येणारा ग्रीसचा वास. दुकान रोहनच्या थोरल्या भावाचं. वर काय चालतं असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो सांगायचा, "पोरं टायपिंग करत्यात."

फेथ साळवे तिथं तपासणीचं काम करायची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधली खोट काढायची, एवढंच काम. आणि त्याला लागणारा संशयी स्वभाव तिला जन्मतःच मिळाला होता. मिशन कंपाउंडातल्या बन्यामीन मास्तरांची ही धाकटी लेक. दूधवाल्यानं डोळ्यांदेखत माप ओतलं तरी ती पातेल्यात वाकून बघायची. मास्तर म्हणायचे, "हिच्या नवऱ्याची रोज परीक्षा आहे बाबा."

२००४ सालचा मार्च होता. काम एका खासगी डेअरीचं होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मिळून तिची तीन शीतकेंद्रं होती. गावोगावचं दूध तिथं येऊन थंड व्हायचं. दूध थंड करायला अमोनिया लागतो, आणि बंद खोलीत अमोनिया गळला तर माणूस दोन श्वासांत आडवा होतो. म्हणून प्रत्येक केंद्रावर अमोनियाच्या खोलीवर नजर ठेवायला एक जाणता माणूस असायचा. आता ते काम कॉम्प्युटर करणार होता. खोलीतला गॅस मोजायचा, तापमान मोजायचं, दारातल्या किरणावरून आत किती माणसं आहेत तेही मोजायचं, आणि टेलिफोनच्या तारेवरून शिरूरला कळवायचं. एक एप्रिलपासून राखणीची माणसं बंद. त्याआधी 'यंत्रणा विश्वासार्ह आहे' या वाक्याखाली फेथची सही हवी होती.

चाचणी आपोआप चालायची. ऑफिसातला एक कॉम्प्युटर रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, कोणी हात न लावता, तिन्ही केंद्रांना फोन लावायचा, चाळीस प्रश्न विचारायचा आणि उत्तरं पडद्यावर दाखवायचा. बरोबर असेल ते हिरवं, चुकेल ते लाल. त्या वेळी सकाळचं दूध आटपलेलं असतं आणि संध्याकाळचं यायचं असतं. केंद्रावर टेलिफोनची तार एकच. म्हणून एक-दहा ते एक-वीस एवढा वेळ कॉम्प्युटरचा, बाकी वेळ फोन माणसांचा, असं ठरवून दिलं होतं. त्या दहा मिनिटांत घंटी वाजली तरी फोनला कोणी शिवायचं नाही.

दोन केंद्रं पहिल्या दिवसापासून शहाण्या मुलांसारखी उत्तरं देऊ लागली. तिसरं, न्हावऱ्याच्या पुढं भीमेच्या अंगाला असलेलं केंद्र, काही बोलेना. पहिल्या दिवशी 'संपर्क नाही'. दुसऱ्या दिवशी 'संपर्क नाही'. चाळीसच्या चाळीस ओळी लाल.

"फोनचीच तार आहे," रोहन म्हणाला. "आपला फोन एकदा नाही लागला तर आपण काय करतो? परत लावतो. तसं लिही ना."

फेथनं तसं लिहिलं. लागला नाही तर अर्धं मिनिट थांबायचं, परत लावायचं. असे तीन प्रयत्न, आणि तिन्ही वाया गेले तरच 'संपर्क नाही' म्हणायचं. यात नवं काही नव्हतं, सगळीकडे असंच करतात. रोहननं डेअरीच्या करारात तीन प्रयत्नांचं कलमही घालून टाकलं.

तिसऱ्या दिवशी पहिला प्रयत्न वाया गेला, दुसरा वाया गेला, आणि तिसऱ्याला फोन लागला. सगळ्या ओळी हिरव्या. रोहननं खालून भजी मागवली.

चौथ्या दिवशीही तिसऱ्यालाच लागला. पाचव्या दिवशीही. दुसरा आठवडा सरला तरी तेच. इथं फेथच्या डोक्यात किडा वळवळू लागला. तार खराब असती तर कधी पहिल्यांदा लागलं असतं, कधी तिन्ही वेळा लागलंच नसतं. खराब वस्तूला इतकी शिस्त नसते. शिस्त माणसाला असते, आणि तीही मतलब असेल तेव्हाच.

मतलब असलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नव्हतं. त्या केंद्रावर अमोनियाच्या खोलीची राखण हौसराव नावाचे गृहस्थ बावीस वर्षं करत होते. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. यंत्रणा पास झाली की एक एप्रिलला घरी. नापास झाली तर राहिले.

फेथनं आधी यंत्राचे सगळे दोष काढून पाहिले. मोडेम बदलला. टेलिफोन खात्याचा लाइनमन दोनदा खांबावर चढून आला. काही फरक नाही. त्यात आणखी एक खुसपट निघालं. एकतिसावी ओळ म्हणजे 'खोलीतील माणसे'. तिथं शून्य यायला हवं. तीन दिवस तिथं एक आला. फेथनं फोन करून विचारलं तर खोलीला कुलूप होतं. तिनं वहीत 'किरणाचा दोष' असं लिहिलं आणि शब्दापुढं प्रश्नचिन्ह काढलं.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, ती चौफुल्याच्या एसटीत बसली आणि केंद्राच्या फाट्यावर उतरली.

उसाच्या मधोमध सिमेंटचं ओलं अंगण, आंबूस वास, उन्हात पालथे घातलेले कॅन. कॉम्प्रेसरची घरघर जमिनीतून पायांना लागत होती. अमोनियाच्या खोलीतून बाहेर आलेल्या नळ्यांवर मार्चच्या उन्हातही पांढरा बर्फ चढला होता. खोलीचं लोखंडी दार कुलूपबंद होतं. एक बाई कॅन घासत होती; तिनं फेथला पाहिलं आणि दहा पावलांवर बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"आबा."

म्हातारा सरळ तिच्याकडे बघत होता. बोलला नाही.

"आबा." बाईला राग नाही, घाई नाही. "आबा."

"ओ," म्हातारा म्हणाला आणि उठला. हेच हौसराव.

बहिरा आहे, असं फेथला वाटलं. पण तिनं हळू आवाजात विचारलेलं त्यांना नीट ऐकू आलं. चहा पिता पिता तिनं आणखी दोनदा तोच प्रकार पाहिला. टँकरचा ड्रायव्हर संपत फाटकातून ओरडला, "सिंधूबाई!" तर कॅन घासणारी बाई तिसऱ्या वेळेला "ओ" म्हणाली. संपतला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुम्ही सगळे तिसऱ्या हाकेलाच ओ देता का?" फेथनं विचारलं.

"व्हय," हौसराव म्हणाले. "हितं तसंच हाय."

"का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "अकरा वर्सं झाली. पोपट नावाचा गडी व्हता आमच्यात. दुपारची येळ. आतनं त्येच्या भावानं हाक मारली, पोपट, पोपट, अशी दोनदा. पोपट 'ओ' म्हनला आन् गेला आत. भाऊ त्या दिवशी दौंडच्या बाजारात. आमी दार उघडलं तवा पोपट पालथा. गॅस कुठनं गळला त्ये आजून कुणाला घावलं न्हाई."

"मग?"

"मंग आमालाबी हाका येऊ लागल्या. कवा मधनंच, म्हैन्या-दोन म्हैन्यानं. वळखीच्या आवाजात. पर दोनच येत्यात. तिसरी येत न्हाई. म्हनून माणसानं तीनदा हाक मारायची आन् तिसरीला ओ द्यायची. तवापास्नं कुणाच्या केसाला धक्का न्हाई."

रात्रीच्या हाकेला लगेच ओ देऊ नये, हे फेथनंही लहानपणी ऐकलं होतं. कोण ऐकत नाही? पण तिच्या लेखी ही गोष्ट नव्हती, हा कबुलीजबाब होता. पहिल्या दोन वेळा फोन न उचलणारी माणसं तिला सापडली होती.

एक वाजता तिनं सगळ्यांना अंगणात बसवलं आणि स्वतः एकटी कॉम्प्युटरसमोर बसली. फोन समोर, तार हातात धरलेली. एक-दहाला घंटी वाजली. मोडेमचा लाल दिवा लुकलुकला, आणि वाजून वाजून घंटी थांबली. कॉम्प्युटरनं उचलला नाही. अर्ध्या मिनिटानं परत वाजली. नाही उचलला. तिसऱ्यांदा वाजली आणि पहिल्याच ठोक्याला मोडेमनं किंकाळी फोडली, संपर्क झाला.

कोणी हात लावला नव्हता. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला भीती वाटली नाही, संताप आला. म्हणजे आधीच काहीतरी करून ठेवलंय, ती मनात म्हणाली.

हौसराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ह्येला तीनदा वाजवायला कुणी लावलं?"

"मी. पहिल्यांदा नाही लागला तर परत लावायचा, असं तीनदा."

"किती दिस झालं?"

"पंधरा."

"रोज? ह्याच टायमाला? आमाला वाटलं तुमचं मशीन कसंबी वाजतंय. मोजलं न्हाई आमी. पोरी, एवढं ऐक. एकदाच वाजीव, न्हाईतर चारदा वाजीव. तीनदा नगं."

"पण का, आबा?"

"ऐकतंय नव्हं," ते म्हणाले. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त कुलपाकडे बघितलं.

"बघते," फेथ म्हणाली. बघते म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये, तारेवर आलेल्या प्रत्येक घंटीची नोंद आपोआप राहायची. ती छापून घ्यायला गेली तर प्रिंटरची रिबन वाळलेली. संपत रोज टँकर घेऊन शिरूरवरून जायचा. त्याला तिनं रिबन आणायला आणि सोमवारी कागद छापून आणायला सांगितलं. कोणतं बटण दाबायचं ते दोनदा दाखवलं. निघण्याआधी अमोनियाच्या खोलीचं दार उघडून दारातला किरण तपासला. आत गारठा आणि नाकात शिरणारा उग्र वास, एवढंच. कुलूप लावायला तिनं उंबऱ्यातून हौसरावांना हाक मारली. ते टाकीजवळ होते. बघितलं, पण बोलले नाहीत. तिला चीड आली. पण त्यांच्याच रीतीनं तिनं तीनदा हाक मारली. "आबा. आबा. आबा." तिचा आवाज मागे खोलीत घुमला आणि जरा उशिरानं परत आला.

शिरूरला आल्यावर तिनं रोहनला सांगितलं. तो हसला. "करारात तीन आहे, आता चार करायला डेअरीची परवानगी मागू? आणि म्हाताऱ्याला तेच हवंय, फेथ. चाचणी बिघडली की त्याची नोकरी राहिली."

हे तिला पटलं. संशयी माणसाला दुसऱ्याचा मतलब चटकन पटतो. तिनं तीनचे चार केले नाहीत. शनिवारी अहवालात एक वाक्य लिहिलं: 'केंद्रावरील कर्मचारी हेतुपुरस्सर अडथळा आणत असण्याची शक्यता आहे.' या वाक्यानं हौसरावांची नोकरी तर जाणारच होती, बावीस वर्षांचं नावही जाणार होतं. म्हणून सही मात्र तिनं राखून ठेवली. सोमवारी कागद येऊ दे, त्यात त्यांची लबाडी दिसू दे, मग सही.

सोमवारी पाऊण वाजता संपत जिना चढून आला. "घ्या बाई, तुमचा कागद. आबा इचारत व्हते, चार केलं का म्हनून."

"बघते म्हणावं," फेथ म्हणाली. संपत गेला. ती पेन्सिल घेऊन बसली.

ओळी सरळ होत्या. रोजच्या तीन घंट्या, एक-दहा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं. दोन 'उचलला नाही', तिसरी 'उचलला'. पुढं कुठून आली ते: शिरूर. ती बोट फिरवत खाली गेली आणि एका तारखेवर थांबली.

सात मार्च. रविवार होता.

रविवारी ऑफिस बंद असायचं. मेन स्विच बंद, आणि किल्ली फेथच्या पर्समध्ये, पर्स चर्चच्या बाकावर. तरी सात तारखेला एक-दहाला घंट्या आल्या होत्या. दोन. कुठून आली ती जागा कोरी.

माणसाचंच काम, तिनं स्वतःला बजावलं. चाळा म्हणून कोणी वाजवला असेल. तिनं चौदा तारीख शोधली. रविवार. घंट्या दोन. जागा कोरी.

मग कालची, एकवीस तारीख. एक-दहा: घंटी. अर्ध्या मिनिटानं: घंटी. आणखी अर्ध्या मिनिटानं: घंटी. तिसरीपुढं लिहिलं होतं, 'उचलला'.

दोनच येत्यात, तिसरी येत न्हाई, असं म्हातारा म्हणाला होता. अकरा वर्षं येत नव्हती. आणि आपण रोज दुपारी, एकाच वेळेला, एकाच लयीत, कोणाला तरी धडा दिला. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या संशयाची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ नुसती भीती.

घड्याळात एक वाजून चार मिनिटं झाली होती. तिनं ऑफिसच्या दुसऱ्या तारेवरून केंद्राला फोन लावला. वाजून वाजून थांबला.

परत लावला. कोणी उचलला नाही.

कसे उचलतील? तिनं तिसऱ्यांदा लावला.

"हालो," सिंधूबाई म्हणाल्या.

"सिंधूबाई, मी फेथ, शिरूरहून. आबांना द्या. लवकर!"

"आबा तर आत गेलं की."

"आत कुठं?"

"खोलीत. तुमीच न्हाई का हाक मारली आत्ता? मी म्हनलं बाई आल्या कवा."

"किती हाका?"

"तीन. आबांनी मोजल्या. तिसरीला ओ दिली, कुलूप काढलं आन् गेलं. बाई, तुमी आतनंच बोलताय व्हय? आत बी फोन बशिवला का?"

फेथनं रिसीव्हरवर हात ठेवून रोहनला ओरडून सांगितलं, डेअरीच्या मॅनेजरला मोबाइल लाव, माणसं पाठव, म्हातारा अमोनियात आहे. रोहन रेंज मिळवायला गॅलरीत धावला.

"सिंधूबाई, ऐका. मी शिरूरला आहे. ती मी नाही. दारापाशी जाऊ नका, लोकांना..."

"थांबा," सिंधूबाई म्हणाल्या.

तारेतून अंगण ऐकू येत होतं. कॉम्प्रेसरची घरघर. नळाचं पाणी. आणि लांबून, लोखंडी दाराच्या पलीकडून, एक आवाज.

"सिंधूबाई."

फेथनं तो ओळखला. माणसाला आपला आवाज बाहेरून परका वाटतो म्हणतात. तिला वाटला नाही.

"ती मी नाही! सिंधूबाई, मी इथं बोलतेय!"

"आवाज तर तुमचाच हाय," सिंधूबाई पुटपुटल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

अर्धं मिनिट गेलं. फेथ बोलत होती, विनवत होती, काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही.

"सिंधूबाई."

"ओ देऊ नका. कितीही झाल्या तरी देऊ नका. ऐकताय ना?"

"व्हय बाई. न्हाई देत."

त्या खरंच देणार नव्हत्या. फेथला आजही तसंच वाटतं.

पुन्हा अर्धं मिनिट.

"सिंधूबाई."

"ओ," सिंधूबाई म्हणाल्या.

अकरा वर्षांची सवय. ओ तोंडातून आपसूक गेली. मग रिसीव्हर टेबलावर टेकल्याचा आवाज आला, ओल्या सिमेंटवर चपलांची पावलं, आणि कडी.

फेथ रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली. तो खाली ठेवावा हे तिला सुचलं नाही. केंद्राची एकुलती एक तार तिच्या हातात होती. त्या तारेवर दुसरा कोणताही फोन लागणं शक्य नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी शेजारचा कॉम्प्युटर आपोआप जागा झाला.

रोहन गॅलरीतून धापा टाकत आत आला. "मॅनेजरची माणसं निघालीत, वीस मिनिटं लागतील..." तो बोलता बोलता पडद्याकडे बघून थांबला. "अरे, तिसऱ्या केंद्राला आज पहिल्याच प्रयत्नात लागला."

ओळी एकेक करून उमटत होत्या. गॅस: सुरक्षित. तापमान: योग्य. सगळ्या हिरव्या. फेथ एकतिसाव्या ओळीची वाट बघत होती.

खोलीतील माणसे: ३.